जर्मनीत जन्मलेल्या बाळाचा पहिला भारतीय पासपोर्ट: लग्नाच्या दाखल्यापासून रेसिडेन्स कार्डापर्यंत

परदेशात राहून आयुष्यातला पहिला भारतीय पासपोर्ट काढणारा अर्जदार बहुतेक वेळा काही आठवड्यांचाच असतो. आईवडील आपापले पासपोर्ट भारतातूनच घेऊन आलेले असतात. नवा लागतो तो इथे जन्मलेल्या लेकराला. आणि गंमत अशी, की पासपोर्टचा फॉर्म भरायला बाळाच्या एका झोपेएवढा वेळ पुरतो. काम अडतं ते त्याआधीच्या कागदांवर. लग्नाचा दाखला, बाळाचं नाव आणि श्टांडेसआम्टचा, म्हणजे जर्मन जन्म-विवाह नोंदणी कार्यालयाचा, जन्मदाखला हे तीन कागद नीट झाले तर पासपोर्ट आपोआप मार्गी लागतो. म्हणून सुरुवात गरोदरपणापासून करायची, पासपोर्टच्या वेबसाइटवरून नाही.

इथली उदाहरणं जर्मनीची आहेत. आखात, अमेरिका आणि ब्रिटनमध्ये काय वेगळं असतं ते पुढे थोडक्यात आहे.

आधी हे तपासा: बाळ भारतीय आहे की जर्मन?

27 जून 2024 पासून जर्मनीचा नागरिकत्व कायदा बदलला. आई किंवा वडील यांपैकी एकाचं जर्मनीत सलग 5 वर्षं कायदेशीर वास्तव्य असेल आणि जन्माच्या वेळी त्याच्याकडे कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे नीडरलासुंग्स-एरलाउबनिस असेल, तर बाळ जन्मतःच जर्मन नागरिक होतं. पूर्वी ही अट 8 वर्षांची होती. यासाठी अर्ज करावा लागत नाही. जन्म नोंदवताना श्टांडेसआम्टच आउसलेंडरबेहॉर्डेकडून, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडून, माहिती मागवून ठरवतं. ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांच्या वास्तव्य परवान्यावर, आलेल्या मंडळींना कायम परवाना लवकर मिळतो, त्यामुळे आपल्या लोकांत अशी बाळं आता बरीच दिसतात.

तुमचं बाळ या गटात बसत असेल तर भारतीय पासपोर्टच्या मागे लागण्यात फारसा अर्थ नाही. भारतीय कायद्यानुसार जन्मनोंदणीच्या वेळी आईवडिलांना लिहून द्यावं लागतं, की बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही. दोन्ही पासपोर्ट बाळगणं हा पर्याय मुळातच नाही. शिवाय जर्मन नागरिक असलेल्या बाळाला भारतीय पासपोर्टवर जर्मनीचा वास्तव्य परवाना मिळत नाही, कारण स्वतःच्या देशात राहायला परवाना कशाला? म्हणजे जर्मन पासपोर्ट आणि त्यावर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं), हा सरळ रस्ता. आजी-आजोबांना हे पचायला जरा जड जातं, पण ओसीआयवर बाळ हवं तेव्हा आजोळी जाऊ शकतं एवढं सांगितलं की पुरतं.

दोघांपैकी कोणाकडेच कायम परवाना नसेल, किंवा 5 वर्षं पूर्ण झाली नसतील, तर बाळ भारतीय. पुढचं सगळं त्यांच्यासाठी.

नागरिकत्व कायदा, 1955 च्या कलम 4 प्रमाणे 10 डिसेंबर 1992 पासून परदेशात जन्मलेलं मूल आई किंवा वडील, कोणीही एक भारतीय नागरिक असेल तर वंशाने भारतीय होऊ शकतं; त्याआधी फक्त वडिलांचं नागरिकत्व मोजलं जायचं. 3 डिसेंबर 2004 पासून आणखी एक अट आली: जन्म भारतीय दूतावासात एका वर्षाच्या आत नोंदवायचा. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते, आणि ती फाइल दिल्लीला जाते. एक वर्ष म्हणजे पुष्कळ वेळ वाटतो. बाळंतपण, रजा, घर बदलणं यांत तो कसा संपतो ते ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांना सांगायला नको. गोव्यातल्या ज्या घरांत एका जोडीदाराने पोर्तुगीज पासपोर्ट घेतला आहे, तिथेही दुसरा जोडीदार भारतीय असेल तर हा मार्ग खुला राहतो.

बाळ यायच्या आधी: लग्नाचा दाखला

श्टांडेसआम्ट जन्म नोंदवताना आईवडिलांचे पासपोर्ट, लग्नाचा दाखला आणि बहुतेक ठिकाणी दोघांचे जन्मदाखले मागतं. महाराष्ट्रात लग्न नोंदवलं असेल तर तुमच्याकडे 1998 च्या विवाह नोंदणी कायद्याखालचा ‘नमुना ई’ असतो: वर फोटो, खाली निबंधकाची सही आणि गोल शिक्का. मजकूर मराठी आणि इंग्रजी असा दोन्हींत असला तरी जर्मन कार्यालयाला शपथबद्ध अनुवादकाने केलेला जर्मन अनुवाद लागतो, आणि काही अधिकारी शिक्क्यातल्या मराठी मजकुराचाही अनुवाद मागतात. मराठीतून थेट जर्मनमध्ये शपथबद्ध अनुवाद करणारे थोडेच आहेत. त्यामुळे सातव्या महिन्यापर्यंत हे काम उरकून ठेवा. लग्न फक्त मंगल कार्यालयात लागलं आणि नोंदणी राहूनच गेली असेल, तर भारतात नातेवाइकांना सांगून ती करता येत नाही. वधूवर आणि साक्षीदार स्वतः लागतात. ज्यांच्या डोक्यात अजून मूल वगैरे नाही त्यांनीही पुढच्या भारतफेरीत ते करून टाकावं.

जन्मदाखल्यांचं वेगळंच. आपल्या पिढीतल्या अनेकांच्या ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या दाखल्यावर बाळाच्या नावाची जागा कोरी असते, कारण जन्म नोंदवला तेव्हा बारसं व्हायचं होतं आणि नंतर कोणी गेलंच नाही. त्या कार्यालयात अर्ज करून नाव भरून घेता येतं. आईवडिलांच्या नावांचं स्पेलिंग पासपोर्टशी जुळतं का तेही तेव्हाच पाहून घ्या.

आता ॲपोस्टिल, म्हणजे कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून त्यावर घेतलेला सरकारी शिक्का. मंत्रालयातून किंवा एजंटकडून ॲपोस्टिल करून आणलं की जगात कुठेही चालतं, असं सर्रास सांगितलं जातं. जर्मनीत ते चालत नाही. भारत 2005 मध्ये हेग ॲपोस्टिल करारात सामील झाला तेव्हा जर्मनीने हरकत घेतली, आणि त्यामुळे या दोन देशांत तो करार लागूच होत नाही. तेव्हा एजंटला पैसे देण्याआधी तुमच्या श्टांडेसआम्टला नेमकं काय हवंय ते ईमेलने विचारा. काही ठिकाणी मूळ दाखला आणि अनुवाद एवढ्यावर भागतं. काही ठिकाणी अधिकारी भारतातल्या जर्मन दूतावासामार्फत किंवा कॉन्सुलेटमार्फत कागदपत्रांची पडताळणी करायला सांगतात: तिथले नेमलेले वकील प्रत्यक्ष निबंधकाच्या कार्यालयात जाऊन नोंदवही तपासतात. याचे पैसे तुम्ही भरायचे, आणि वेळ महिन्यांत मोजायचा. एकाच शहरातल्या दोन मित्रांचे अनुभव वेगवेगळे असू शकतात, म्हणून ‘आमच्या वेळी मागितलं नव्हतं’ यावर विसंबू नका.

पडताळणी अपुरी असताना बाळ जन्मलं, तर श्टांडेसआम्ट जन्म नोंदवतं, पण पूर्ण दाखल्याऐवजी जन्मनोंदवहीचा प्रमाणित उतारा देतं आणि त्यावर आईवडिलांची ओळख किंवा नाव सिद्ध झालेलं नाही असा शेरा असतो. जर्मनीतल्या बऱ्याच कामांना तो चालतो. पासपोर्टसाठी चालेल का, हे मात्र तुमच्या भारतीय कार्यालयाला, म्हणजे दूतावासाला किंवा कॉन्सुलेटला, उतारा स्कॅन करून आधीच विचारा.

श्टांडेसआम्ट आणि बारसं

जन्म एका आठवड्याच्या आत कळवायचा असतो. हॉस्पिटल तुमच्या वतीने ते करतं आणि प्रसूतीनंतर लगेच एक फॉर्म हातात देतं. त्यावर बाळाचं नाव विचारलेलं असतं. आपल्याकडे नाव बाराव्या दिवशी, आत्याच्या तोंडून कानात. इथे नर्स दुसऱ्या दिवशी फॉर्म घेऊन उभी. घाबरायचं कारण नाही: जर्मन कायदा नाव कळवायला जन्मापासून एक महिना देतो. फॉर्मवर नाव अजून ठरलेलं नाही असं लिहा, बारसं करा, मग कळवा. दाखला तेवढा उशिरा मिळेल इतकंच.

घाई न करण्याचं कारण असं, की या फॉर्मवर जे नाव जातं तेच पुढे जन्मदाखला, भारतीय जन्मनोंदणी, पासपोर्ट, रेसिडेन्स कार्ड असं उतरत जातं, आणि जर्मनीत नंतर नाव बदलणं सोपं नाही. इथे थोडं थांबून तीन गोष्टी ठरवा.

पहिली, वडिलांचं नाव मधे घालायचं की नाही. जर्मन फॉर्मवर दोनच रकाने असतात, नाव आणि आडनाव. मधलं नाव हवं असेल तर ते पहिल्या रकान्यात, बाळाच्या नावाला जोडून जातं: ‘अद्वैत संदीप’ आणि आडनाव ‘कुलकर्णी’. भारतीय पासपोर्टवरही हीच मांडणी असते, त्यामुळे दोन्हीकडे जुळतं. परिणाम मात्र लक्षात घ्या. जर्मन यंत्रणेत ‘संदीप’ हे बाळाचं दुसरं नाव मानलं जातं, ते आयुष्यभर विमा कार्डापासून शाळेच्या दाखल्यापर्यंत सगळीकडे येतं. मुलीच्या नावात ‘संदीप’ आलं तर एखादा अधिकारी भुवया उंचावतो. मला विचाराल तर इथेच वाढणार असलेल्या मुलाला मधलं नाव न देणं सुटसुटीत; वडिलांचं नाव पासपोर्टच्या शेवटच्या पानावर असतंच. पण दोनचार वर्षांत पुण्याला परतायचं पक्कं असेल तर तीन नावांचा पासपोर्ट शाळाप्रवेशाला बरा पडतो.

दुसरी, नावावरून मुलगा की मुलगी कळतं का, हा प्रश्न. हल्ली फार कोणी अडवत नाही, आणि त्याला कारण एक भारतीय नावच आहे. ‘किरण’ हे नाव मुलीला ठेवायला श्टांडेसआम्टने आणि खालच्या न्यायालयांनी नकार दिला होता; 5 डिसेंबर 2008 रोजी जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने ते नाव मान्य केलं. नावावरून लिंग कळलंच पाहिजे अशी सक्ती नाही, असा तो निर्णय. तुमच्या अधिकाऱ्याला शंका आली तर या निर्णयाचा हवाला खुशाल द्या.

तिसरी, आडनाव. लग्नानंतर आईने पासपोर्टवर माहेरचंच आडनाव ठेवलेलं असेल, आणि आता ते सर्रास असतं, तर बाळाला कोणाचं आडनाव द्यायचं ते दोघांनी सहीनिशी लिहून द्यावं लागतं. पहिल्या बाळासाठी घेतलेला हा निर्णय पुढच्या भावंडांनाही लागू होऊ शकतो, हे तिथेच विचारून घ्या.

स्पेलिंगचा वाद घरातच मिटवा. ‘श्रेया’त वाय की आय, ‘अद्वैत’मध्ये व्ही की डब्ल्यू, ‘ईरा’ला आय एक की ई दोन. रोमन लिपीतलं एकच रूप कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा, दोघांनी वाचा, आणि तोच कागद फॉर्म भरताना समोर ठेवा. श्टांडेसआम्टचा कर्मचारी तुमच्यासमोर टाइप करत असेल तर छापायच्या आधी पडद्यावर अक्षर न् अक्षर पाहू द्या म्हणायला संकोच करू नका.

दाखला घेताना साध्या जर्मन दाखल्याबरोबर आंतरराष्ट्रीय बहुभाषी दाखला मागा. त्यावर मथळे इंग्रजीसह अनेक भाषांत असतात, त्यामुळे भारतीय कार्यालयासाठी वेगळा अनुवाद करावा लागत नाही. दोन-तीन प्रती जास्तीच्या घ्या. नंतर मागवता येतात, पण वेळ जातो. किंडरगेल्ड (मुलासाठीचा भत्ता) आणि एल्टर्नगेल्ड (पालकांचा रजेतला भत्ता) यांसाठी ज्या फुकट प्रती मिळतात त्यांवर तो उद्देश छापलेला असतो, त्या पासपोर्टसाठी नेऊ नका. आणि हो, हे दोन्ही भत्ते मिळायला बाळाचा पासपोर्ट लागत नाही. एल्टर्नगेल्ड मागच्या तीनच महिन्यांचं मिळतं, तेव्हा पासपोर्टची वाट बघत तो अर्ज लांबवू नका.

भारतीय कार्यालय कुठलं?

बर्लिनचा दूतावास, आणि फ्रँकफर्ट, म्युनिक व हॅम्बुर्ग इथली कॉन्सुलेट. कुठे जायचं हे तुमच्या पत्त्याच्या राज्यावरून ठरतं, सोयीवरून नाही. बायर्न आणि बाडेन-वुर्टेम्बेर्ग म्युनिककडे. हेसन आणि नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया फ्रँकफर्टकडे. म्हणजे हायडेलबर्गच्या माणसाला फ्रँकफर्ट जवळ असलं तरी अर्ज म्युनिकच्या अखत्यारीत. मधल्या काळात घर बदललं असेल तर आधी आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंद, नव्या पत्त्यावर करून घ्या.

जन्मनोंदणी: फॉर्म एक

हा नागरिकत्वाचा अर्ज आहे, पासपोर्टचा नाही, आणि तो गृह मंत्रालयाच्या नागरिकत्वाच्या वेगळ्या पोर्टलवर भरायचा असतो. बहुतेक लोक इथेच गोंधळतात: पासपोर्टचा फॉर्म भरून खिडकीशी जातात आणि तिथे कळतं, की जन्मच नोंदवलेला नाही. बाळाचा जर्मन जन्मदाखला, दोघांचे पासपोर्ट आणि वास्तव्य परवाने, लग्नाचा दाखला आणि दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नसल्याचं दोघांच्या सहीचं प्रतिज्ञापत्र, एवढं मुख्य. बहुतेक ठिकाणी जन्मनोंदणी आणि पासपोर्ट हे दोन्ही अर्ज एकाच भेटीत देता येतात.

यातून जे जन्मनोंदणी प्रमाणपत्र मिळतं ते पासपोर्टपेक्षा मोलाचं. पासपोर्ट पाच वर्षांनी बदलतो, हा कागद नाही. भारतीय महानगरपालिकेचा जन्मदाखला या मुलाकडे कधीच नसणार. त्याच्या भारतीयत्वाचा मूळ पुरावा हाच. लॅमिनेट करू नका, स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा.

पासपोर्टचा ऑनलाइन फॉर्म

परदेशातल्या भारतीय कार्यालयांसाठी पासपोर्ट सेवेचं वेगळं पोर्टल आहे. भारतातल्या पोर्टलवर खातं असलं तरी इथे नवं उघडावं लागतं. आपलं कार्यालय निवडून नवीन पासपोर्टचा अर्ज घ्या. रि-इश्यू निवडू नका, बाळाचा आधीचा पासपोर्टच नाही.

बरेचसे रकाने सरळ आहेत, पण काही जागी हात अडखळतो. नागरिकत्व कशाने मिळालं या प्रश्नावर जन्माने, वंशाने आणि नोंदणीने असे पर्याय असतात. तिथे वंशाने निवडायचं. जन्म नोंदवला म्हणून ‘नोंदणीने’वर टिचकी मारण्याचा मोह होतो, तो पर्याय वेगळ्या लोकांसाठी आहे. जन्मस्थळ दाखल्यावर आहे तेच: मूल ब्योब्लिंगनच्या हॉस्पिटलात जन्मलं आणि घर श्टुटगार्टला असलं, तरी ब्योब्लिंगन. जर्मन अक्षरांवरचे दोन टिंब पोर्टल घेत नाही, ‘ओ’वर टिंब असतील तर ‘ओ-ई’ असं लिहायचं. शिक्षणाच्या रकान्यात पाचवी किंवा त्याहून कमी हा पर्याय असतो, तो निवडताना हसू येतंच. इमिग्रेशन तपासणीतून सूट या प्रश्नावर होय म्हणा, 18 वर्षांखालच्या मुलांना ती सूट आहे. कायमच्या पत्त्यात भारतातला पत्ता द्या, शक्यतो आईवडिलांच्या पासपोर्टवर असलेलाच.

आईवडिलांची नावं त्यांच्या पासपोर्टवर जशी आहेत तशीच. दोघांच्या पासपोर्टवर एकमेकांची नावं जोडीदार म्हणून नोंदवलेली असतील तर काम फार हलकं होतं. नसतील तर लग्नाचा मूळ दाखला घेऊन जा.

सोबत अल्पवयीन मुलासाठीचं जोडपत्र ‘डी’ लागतं, दोघांच्या सह्यांचं. डिसेंबर 2016 च्या बदलांनंतर ही जोडपत्रं साध्या कागदावर चालतात, नोटरी लागत नाही. एक पालक सोबत नसेल किंवा त्याची संमती मिळू शकत नसेल तर जोडपत्र ‘सी’. नवरा कंपनीच्या कामाला बाहेरगावी जाणार असेल तर त्याच्या सह्या आधीच घेऊन ठेवा.

अंगठा आणि फोटो

ज्याला सही करता येत नाही त्याच्या अंगठ्याचा ठसा: मुलाचा डावा, मुलीचा उजवा. आईने किंवा वडिलांनी बाळाच्या नावाने सही करायची नाही; अर्ज परत यायचं हे हमखास कारण. बाळ गाढ झोपेत असताना हे उरका. जागेपणी मूठ घट्ट असते आणि उघडली तर शाई थेट तोंडात. एकाने मनगट धरायचं, दुसऱ्याने अंगठा शाईच्या पॅडला हलकेच टेकवून आधी कोऱ्या कागदावर दोन ठसे घ्यायचे, म्हणजे जादा शाई निघून जाते, आणि मग फॉर्मच्या चौकटीत. अंगठा फिरवू नका, नुसता दाबून उचला. ठसा चौकटीच्या रेषेला लागता कामा नये. ओल्या फडक्याने लगेच पुसा.

फोटो हा यातला सगळ्यात रडवणारा भाग, बाळाला नव्हे तर आईवडिलांना. 1 सप्टेंबर 2025 पासून भारतीय कार्यालयं आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेच्या निकषांतला फोटोच घेतात: पांढरी पार्श्वभूमी, चेहरा चौकटीच्या 80 ते 85 टक्के, डोळे उघडे, तोंड मिटलेलं, सावली नाही; डिजिटल फोटो 630 बाय 810 पिक्सेलचा. स्टुडिओत जायचं तर आधी सांगा, की हा भारतीय पासपोर्टसाठी आहे. मे 2025 पासून जर्मन कार्यालयं फोटो थेट डिजिटल मार्गाने घेतात, त्यामुळे फोटोग्राफर सवयीने तोच प्रकार करून कोड असलेला कागद हातात देतो, आणि तो आपल्या काही उपयोगाचा नाही. तुम्हाला फाइल आणि छापील प्रती दोन्ही हव्यात.

घरीही उत्तम फोटो निघतो. खिडकीजवळ जमिनीवर जाड रजई, वर पांढरी चादर सुरकुत्या न ठेवता ताणून, त्यावर बाळ उताणं. दूध पिऊन झाल्यावरची पंधरा मिनिटं सोन्याची. वर उभं राहून सरळ खाली फोटो काढा, फ्लॅश बंद. दुसऱ्याने कॅमेऱ्याच्या बाजूला खुळखुळा धरायचा. अंगावर रंगीत कपडा हवा, पांढरं झबलं चादरीत हरवून जातं. आणि आजीने गालावर लावलेली तीट, डोळ्यातलं काजळ, टोपडं, सगळं आधी काढा. तीट पुन्हा लावता येते, अर्ज पुन्हा भरणं त्रासाचं.

अर्ज देताना

मूळ कागद आणि त्यांच्या स्वसाक्षांकित प्रती, दोघांच्या सह्यांच्या. बाळाला घेऊन जायचं की नाही ते अपॉइंटमेंटच्या सूचनेत पाहा. दोघा पालकांनी जाणं बरं. पोलीस पडताळणीची फार काळजी करू नका: आईवडिलांचे पासपोर्ट चालू आणि नीट असतील तर बाळाचं काम सहसा त्यांच्याच नोंदींवर होतं. फाइल क्रमांक जपून ठेवा. खूप दिवस काही हललं नाही तर आधी कार्यालयाला ईमेल, मग परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ पोर्टल.

या काळात एक काम समांतर चालवायचं. जर्मनीत जन्मलेल्या परदेशी बाळाच्या वास्तव्य परवान्याचा अर्ज जन्मापासून 6 महिन्यांच्या आत करावा लागतो. आउसलेंडरबेहॉर्डे पासपोर्ट मागतं, पासपोर्ट अजून यायचा असतो, आणि लोक वाट बघत बसतात. बसू नका. जन्मदाखला आणि पासपोर्टच्या अर्जाची पावती जोडून वेळेत अर्ज टाका, पासपोर्ट नंतर पाठवतो असं लिहा. मुदत पाळल्याची नोंद राहते.

इतर देशांत

संयुक्त अरब अमिरातीत बाळाला जन्माने नागरिकत्व मिळत नाही, त्यामुळे तिथल्या प्रत्येक मराठी घराला हा मार्ग ठाऊक असतो. तिथे घाई जास्त: जन्मापासून 120 दिवसांत बाळाचा रहिवासी व्हिसा व्हायला हवा, नाहीतर दिवसाला दंड. जन्मदाखल्यावर तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचं साक्षांकन लागतं. अमेरिकेत उलट चित्र. तिथे जन्मलेलं मूल सहसा अमेरिकन नागरिक असतं, आणि बहुतेक जण अमेरिकन पासपोर्ट व ओसीआय घेतात. ब्रिटनमध्ये एक पालक कायमचा रहिवासी असेल तर बाळ ब्रिटिश. नसेल तर वरचीच पद्धत.

पासपोर्ट हातात आल्यावर

पाकीट उघडल्या उघडल्या नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि शेवटच्या पानावरची आईवडिलांची नावं दाखल्याशी ताडून पाहा. चूक असेल तर त्याच आठवड्यात कळवा. मुखपृष्ठावर सोनेरी चिपचं चिन्ह दिसलं तर तो ई-पासपोर्ट. 2024 मध्ये नागपूर आणि भुवनेश्वरला त्याची सुरुवात झाली, आता परदेशातल्या कार्यालयांतूनही मिळू लागला आहे. कोऱ्या पुस्तिका छापल्या जातात त्या नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये.

आजी-आजोबा तिकिटं काढा म्हणून मागे लागतील. पासपोर्ट आला म्हणजे भारतात जाता येतं, पण परत येण्यासाठी रेसिडेन्स कार्ड हवं. ते नसताना विमान कंपनी मुंबईच्या काउंटरवरच बाळाला अडवू शकते. तात्पुरता कागद मिळाला असेल तर त्यावर परत प्रवेश करता येतो का, हे आउसलेंडरबेहॉर्डेकडून लेखी घ्या. या कागदाचे प्रकार वेगवेगळे असतात आणि सगळ्यांवर परत येता येत नाही. घरात काही अघटित घडलं आणि पासपोर्टच आलेला नसेल, तर भारतीय कार्यालय इमर्जन्सी सर्टिफिकेट देऊ शकतं, पण ते भारतात जाण्यापुरतं, एकाच बाजूचं.

भारतात गेल्यावर बाळाचं आधार काढायचं असेल तर परदेशस्थ भारतीयांच्या मुलांसाठी वैध भारतीय पासपोर्ट हाच ओळखीचा पुरावा धरला जातो. बाळाच्या पासपोर्टची मुदत 5 वर्षं. नव्यासाठी मुदत संपायच्या सहाएक महिने आधी अर्ज करा, कारण रेसिडेन्स कार्डही पासपोर्टच्या मुदतीला बांधलेलं असतं, आणि त्या वेळी जन्मनोंदणीचं ते मूळ प्रमाणपत्र फाइलमधून बाहेर काढावं लागेल.